मर्सोला शिक्षा खुनाची की न रडण्याची?

शाईपेन
एम.ए.च्या सेमिनारला 'अस्तित्ववादी नायक आणि समाज' हा विषय आहे. काम्यूची 'द आउटसायडर' (१९४२) आणि नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) घेतली आहे. समीक्षेत परात्मता (जगापासून तुटलेपण), एकाकीपणा हेच शब्द फिरून फिरून येतात. नायकाचा समाजाशी संघर्ष प्रत्यक्ष मजकुरात कुठे दाखवायचा?

नदीकाठ
वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे 'द आउटसायडर'च्या पहिल्या भागात काय घडलं ते, उजवीकडे तेच दुसऱ्या भागात कोर्टात कोण कसं सांगतं ते. नायक मर्सोवर एका अरबाच्या खुनाचा खटला चालतो. त्यात कॉफीचंच बघा. मारेंगोच्या वृद्धाश्रमात आईच्या शवपेटीजवळ रात्र काढताना पहारेकरी मर्सोला दुधाची कॉफी आणून देतो. मर्सो त्याला सिगारेट देतो, दोघं ओढतात. कोर्टात पहारेकरी कबूलही करतो की कॉफी मीच देऊ केली. तरी सरकारी वकील म्हणतो, परक्याने देऊ केली तरी मुलाने ती नाकारायला हवी होती! मर्सो समाजाविरुद्ध चकार शब्द बोललेला नसतो. अपेक्षित दुःख त्याने दाखवलं नाही, एवढंच. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशीचं पोहणं, मैत्रीण मारीबरोबर पाहिलेला फर्नांदेलचा विनोदी सिनेमा, सगळं असंच पुराव्यात जमा होतं. शेवटी त्याचा वकील विचारतो, आरोप आईला मूठमाती दिल्याचा आहे की माणूस मारल्याचा?

'मर्सो कधीच खोटं बोलत नाही' हे मात्र लिहू नका. काम्यूने १९५५च्या प्रस्तावनेत तसं सुचवलं आहे, पण हाच मर्सो शेजारी रेमोंला त्याच्या मैत्रिणीला फसवून बोलावणारं पत्र लिहून देतो आणि पोलिसांत त्याच्या बाजूने साक्षही देतो. तो खोटं बोलत नाही ते स्वतःच्या भावनांबद्दल.

काजवा
'कोसला'ला हे रकाने लागू पडणार नाहीत. तिथे कोर्ट नाही. समाज येतो तो वडील, वसतिगृह, मेस, परीक्षा अशा रूपांत, आणि नायक पांडुरंग त्यातली कामं अंगावर घेऊन पाहतो, मग फसतो. मर्सोसारखा तो कोरडाही नाही. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं वाचा, शोक आवरत नाही त्याला. त्याचा विरोध भाषेत शोधा. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' कुठे येतात त्यावर खुणा करा. भारदस्त विधान आलं की हे शब्द त्याची हवा काढून घेतात. शेवटी तो आपल्या गावी, सांगवीला परततो. त्या परतण्याला बंड म्हणायचं की शरणागती, यावर सेमिनारचा निम्मा वेळ द्या.

तळटीप
'द आउटसायडर'मधला खून इतका बाजूला सारू नका. मेलेल्या माणसाला कादंबरीभर नाव नाही, तो फक्त 'अरब'. खटल्यात एकही अरब साक्षीदार नाही. फ्रेंच अल्जीरियातला हा समाज कोणाचा, हे विचारल्याशिवाय 'समाजाशी संघर्ष' अर्धाच राहतो. अल्जीरियन लेखक कामेल दाऊदने २०१३च्या कादंबरीत त्या मृताला मूसा हे नाव दिलं, तेही मृताच्या भावाच्या तोंडून.

शिवाय काम्यूने स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घ्यायला नकार दिला होता. विषयाचं नाव तेच ठेवायचं असेल तर अस्तित्ववादी सार्त्रची 'नॉशिया' (१९३८) जोडा. बूव्हील गावाच्या संग्रहालयात नायक रोकांतँ तिथल्या प्रतिष्ठितांची तैलचित्रं बघत फिरतो, तो एक प्रसंगही पुरेल.