चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा नको

जुने घर विकण्यापूर्वी ओल आलेल्या भिंतींना ओल अडवणारी वॉटरप्रूफ पुट्टी लावून घ्यावी, असा सल्ला दिला जातो, त्यास माझा विरोध आहे. बडोद्यात दांडिया बाजारातले आमचे वडिलोपार्जित घर, वीट-चुन्याच्या जाड भिंतींचे आणि सागवानी तुळयांचे, विकण्याआधी नीटनेटके करावे म्हणून आम्ही जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला, आणि तीच सर्वांत मोठी चूक ठरली. अशा भिंती जमिनीतली ओल शोषतात व ती चुन्यातून हळूहळू बाहेर पडते; सिमेंटने ती वाट अडवल्यावर ओल आणखी वर चढली आणि पहिल्याच पावसाळ्यात कमरेइतक्या उंचीवर लोणा (भिंतीतून बाहेर येणारा पांढरा क्षार) फुटून रंगाचे पापुद्रे निघाले. घर पाहायला आलेल्या एका कुटुंबाने भिंतीवरून हात फिरवला आणि ते पुन्हा आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. शेवटी तो गिलावा काढून, भिंती उन्हाळाभर उघड्या ठेवून, चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याकडून सारे नव्याने करून घ्यावे लागले. तेव्हाच कळले की भिंतीत शिरलेली तुळयांची टोके ओलीने कुजली होती. ती रंगकामाआधीच ठोकून तपासायला हवी होती.