शब्दचर्चा : ‘आकारिक’ म्हणजे नक्की काय?

पाटीपेन्सिल : मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ असे दोन रकाने आहेत. संकलित कळतं, सत्र संपताना होते ती परीक्षा. आकारिकबद्दल विचारलं तर ‘वर्षभरातले छोटे मार्क’ असं उत्तर मिळालं. मग यात ‘आकार’ कुठून आला? आणि मूल्यमापन व मूल्यांकन यांत काही फरक आहे का?

कोशकिडा : ही जोडी इंग्रजी ‘फॉर्मेटिव्ह’ आणि ‘समेटिव्ह’ यांसाठी घडवलेली आहे. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये हे शब्द अभ्यासक्रमांच्या तपासणीसाठी वापरले आणि शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी ते विद्यार्थ्यांच्या शिकण्याला लावले. हिंदीत रचनात्मक-योगात्मक म्हणतात. मराठी ‘आकारिक’चा रोख असा, की शिकणं अजून आकार घेतंय तोवरच पाहायचं, म्हणजे शिकवण्यात बदल करता येतो. मार्क छोटे की मोठे याच्याशी त्याचा संबंध नाही.

मापन म्हणजे मोजणं, अंकन म्हणजे खूण किंवा आकडा घालणं. व्यवहारात महाविद्यालयाचं आणि मालमत्तेचं मूल्यांकन होतं, मुलांचं मूल्यमापन. पण ही रेघ पक्की नाही. ‘नियतकालिक मूल्यांकन चाचणी’ मुलांचीच असते.

तिसरी_ब : शिक्षिका म्हणून लिहिते. 2010 च्या शासन निर्णयाने ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आलं, तेव्हापासून हे दोन शब्द आमच्या तोंडी बसले. त्या निर्णयात पहिली-दुसरीला आकारिक 70, संकलित 30 होतं. पुढे आकारिकचा वाटा घटत जायचा, सातवी-आठवीला 40 आणि 60. साधनंही दिली आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे. कागदावर सुरेख आहे. पण भरलेल्या वर्गात सगळ्या नोंदी ठेवायच्या म्हटल्या की सत्र संपता संपता एकटाकी ‘आकारिक भरून’ होतं. ‘आकारिक भरणे’ हा वाक्प्रचार कोशात घ्यायला हरकत नाही!

पाटीपेन्सिल : लॉकडाउनमध्ये काय केलंत? तेव्हा आमच्याकडे नुसते गूगल फॉर्म यायचे.

तिसरी_ब : तेच सांगणार होते. 52 – 27 चं उत्तर एकाने 35 दिलं. फॉर्मने चूक दाखवली, शून्य गुण. पण 35 दोन वाटांनी येतं. एक मूल ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन’ असं करतं. दुसरं हातचा बरोबर घेतं, बारातून सात वजा करतं, पण पाचाचे चार करायला विसरतं. पहिल्याला एकक-दशकापासून शिकवावं लागेल, दुसऱ्याला दोन मिनिटं पुरतील. वर्गात मी वहीकडे वाकून पाहते तेव्हा हे दिसतं. फोनवर फक्त 35 पोचलं.

मग फोन करून ‘कसं केलंस ते बोलून दाखव’ असं विचारायला लागले. ज्यांच्या घरी मोबाइल संध्याकाळीच असायचा त्यांच्याकडून आवाजाचं रेकॉर्डिंग मागवलं. एक लक्षात आलं, आई मागून उत्तर सांगत असली तरी रीत सांगताना मूल अडखळतंच.

कोशकिडा : म्हणजे निदान झालं. (हा शब्दही गमतीचा. ‘निदान फोन तरी कर’ मधलं निदान वेगळं.) फॉर्ममधले उत्तरांचे पर्यायच अशा चुकांवरून बेतले तर? एक पर्याय 35, एक 79.

तिसरी_ब : 79 निवडलं तर बेरीज केली हे कळेल. 35 ला मात्र विचारावंच लागेल.

दहावीचा_मास्तर : माध्यमिकची गोष्ट उलटी आहे. 2021 मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे 30, तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 असे गुण धरले. राज्याचा निकाल 99.95 टक्के. इलाज नव्हता, मान्य. पण सरावासाठी, चुका कळाव्यात म्हणून घेतलेली चाचणी नंतर अंतिम निकालात गेली. तीच प्रश्नपत्रिका आधी आकारिक होती, मग संकलित झाली. म्हणून मी म्हणतो, हे परीक्षेचे प्रकार नाहीत, तिच्या निकालाचं पुढे काय करता याची नावं आहेत.

कोशकिडा : याहून नेमकी व्याख्या मला देता आली नसती.

पाटीपेन्सिल : मग मुलीच्या पुस्तकात ‘गणितात प्रगती आवश्यक’ असं लिहिलंय, ते कशात मोडतं?

तिसरी_ब : कशातच नाही, ते शिक्क्यासारखं असतं. ‘हातचा घेते, दशक कमी करायचा राहतो’ असं लिहून मागा. नोंदवहीत तेवढीच जागा लागते.