राक्षस सुचवा (ड्रॅगन, व्हॅम्पायर, झॉम्बी सोडून)

वळचण
नमस्कार मंडळी. एका कथास्पर्धेसाठी फँटसी लिहितेय. शब्दमर्यादा ४०००, हातात महिनाभर. जग जमिनीखालचं आहे: बोगदे, विवरं, काळं पाणी, उजेड फक्त दिव्यांचा. नायिका दिवे सांभाळणारी मुलगी. बाकी सगळं जुळलंय, राक्षसापाशी गाडी अडलीय. अंधारातच जन्मलेला वाटला पाहिजे. ड्रॅगन, व्हॅम्पायर, झॉम्बी नकोत, त्यांचा पार चोथा झालाय. वाचायला काही सुचवणार असाल तर २०० पानांच्या आतलं सुचवा. मालिका नको. आणि नवीन काही विकत घ्यायचं नाहीये.

गडदनिळा
डोळे मिटून 'ड्यून' वाचायला घ्या. १९६५ चं आहे, पण आजही त्याला तोड नाही. वाळूखालचे प्रचंड किडे पावलांच्या ठेक्यावर येतात, म्हणून तिथली माणसं मुद्दाम ठेका मोडत चालतात. एका प्राण्यामुळे अख्ख्या जमातीची चाल बदलली! फ्रँक हर्बर्टने लिहिलेले सहाही भाग माझ्याकडे आहेत, सगळे पुठ्ठा बांधणीचे. पहिल्यावर थांबू नका.

उगाचच
+१. तिसऱ्यावर थांबलात तरी चालतं.

गडदनिळा
चौथ्यातच तर खरी गंमत आहे. झेपत नाही त्यांनी थांबावं.

उगाचच
झेपायचा प्रश्न नाही हो. चौथ्यात माणूसच किडा होतो आणि पुढे नुसती प्रवचनं देतो.

वळचण
२०० पानं म्हटलंय मी. आणि एकच पुस्तक.

जाडभिंग
मी राक्षसांचा सचित्र कोश घेतलाय. दोन खंड, जाड कागद, सगळी चित्रं रंगीत. उचलताना मनगट भरून येतं. असा कोश घरात असला की धागे काढायची वेळ येत नाही.

वळचण
वा! मग त्यात अंधारात राहणारे कोण कोण आहेत, तेवढं बघून सांगाल का?

जाडभिंग
तसं नाही शोधता येणार. अकारविल्हे लावलेत.

मोजपट्टी
राक्षस कुठलाही घ्या, फक्त किडा मोठा करू नका. एका स्पर्धेत माझी घराएवढ्या कोळ्याची कथा 'अशास्त्रीय' असा शेरा मारून परत पाठवली होती, तेव्हापासून हे पाठ आहे. उंची दुप्पट केली की पायांच्या काटछेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. मुंगी शंभर पट मोठी केलीत तर ताकद साधारण दहा हजार पट वाढेल, वजन मात्र दहा लाख पट. ती जागच्या जागी कोसळेल. गॅलिलिओने १६३८ सालीच हे मांडून ठेवलंय. शिवाय कीटकांना फुप्फुसं नसतात, हवा बारीक नळ्यांतून आत जाते. एवढ्या मोठ्या अंगात ती पुरणार कशी?

उगाचच
पूर्वी होते की मोठे किडे. आर्थ्रोप्लुरा बघा, गोमीचा नातेवाईक, दोन मीटरहून लांब.

मोजपट्टी
तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा हवेत ऑक्सिजनही आजच्यापेक्षा जास्त होता असं मानतात. यांच्या बोगद्यात तो कुठून आणणार? बोगद्यात उलट कमीच असेल.

वळचण
किडा नकोच आहे मला.

अर्धाकप
फ्रँकेनस्टाइन घ्या. बोगद्यात लपलेला, एकटा. लोक हळहळतात.

शुद्धलेखन_पोलीस
फ्रँकेनस्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव. राक्षसाला नावच नाही.

अर्धाकप
बरं, डॉक्टर फ्रँकेनस्टाइनचा राक्षस.

शुद्धलेखन_पोलीस
डॉक्टरही नाही. विद्यार्थी. 'डॉक्टर' हे सिनेमावाल्यांनी चिकटवलं.

काजळी
हे भांडण दर धाग्यावर होतं. १८१८ चं मूळ पुस्तक वाचाल तर कामाची गोष्ट दुसरीच आहे. तो आठ फुटी का? कारण बारीक अवयव जोडायला फार वेळ लागत होता, म्हणून त्याला बनवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनने मोठं माप धरलं! एका कारागिराच्या उतावीळपणातून राक्षसाचा आकार ठरला. वळचणताई, तुमच्या राक्षसाच्या आकाराला असं एखादं साधं, खरं कारण असू द्या. 'भव्य' म्हणून भव्य नको.

आणि तुमच्या पानांच्या अटीत बसणारं हवं असेल तर वेल्सचं 'द टाइम मशीन', १८९५. शंभर-सव्वाशे पानांत उरकतं, हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे फुकट मिळतं. त्यातले मॉरलॉक जमिनीखाली राहतात, पांढुरके, मोठ्या डोळ्यांचे, उजेड सहन न होणारे. पिढ्यान् पिढ्या खाली यंत्रं चालवणाऱ्या माणसांचे ते वंशज. प्रवासी त्यांना आगकाड्यांनी लांब ठेवतो. शेवटी काड्या हातात असतात आणि लक्षात येतं की त्या फक्त पेटीवरच घासून पेटतात, आणि पेटी नाही. दिवेवाल्या मुलीच्या कथेला हे एक पान वाचलंत तरी पुरे.

गडदनिळा
टाइम मशीन लहान मुलांचं आहे. ड्यूनमध्ये जग आहे.

वळचण
काजळीताई, मनापासून आभार. आज रात्रीच बसते. पण राक्षस पूर्वी माणूस होता हे आता बरेच जण करतात ना?

काजळी
करतात. चांगलं करणारे थोडे.

सातवी_पायरी
वेताळाकडे कोणी बघतच नाही! पंचविशीतला वेताळ दात दाखवत नाही, गोष्ट सांगतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं. बोलला तर मौन मोडलं, प्रेत परत झाडावर. दोन्हीकडून कोंडी. राक्षसाला नियम द्या, नखं नंतर द्या. तुमच्या बोगद्यात असा नियम काय? दिवा विझवला तर एक संकट, पेटता ठेवला तर दुसरं?

मोजपट्टी
हे चांगलं आहे.

जाडभिंग
वेताळ दुसऱ्या खंडात आहे. चित्र ठीकठाक.

तिढा
मी तर म्हणेन राक्षस दाखवूच नका. आवाज, वास, विझलेला दिवा, बस्स. दाखवला की भीती गेली.

अर्धाकप
हेच लिहायला आलो होतो. शेवटपर्यंत दाखवायचा नाही.

उगाचच
+१. अजिबात दाखवू नका.

पाणघळ
अवांतर आहे, पण लिहितो. गुहांच्या नादापायी 'ओल्म' नावाच्या प्राण्याबद्दल वाचलं होतं. स्लोव्हेनिया-क्रोएशियाकडच्या चुनखडीच्या गुहांतल्या पाण्यात राहतो. वीतभर-दीड वीत लांब, फिकट गुलाबी, चार काटकुळे पाय, कल्ले बाहेर. डोळे कातडीखाली गेलेले, तरी वासावरून आणि पाण्यातल्या हालचालीवरून भक्ष्य कळतं. अन्नाशिवाय वर्षानुवर्षं तग धरतो, शंभर वर्षं जगू शकतो असा अंदाज आहे. संशोधकांनी खुणा करून ठेवलेल्यांपैकी एक तर सात वर्षं जागचा हलला नव्हता. पुरात असे प्राणी वाहून बाहेर आले की लोकांना वाटायचं, ही जमिनीखालच्या ड्रॅगनची पिल्लं. वाल्वासोर नावाच्या तिथल्याच अभ्यासकाने १६८९ च्या ग्रंथात हा समज नोंदवलाय.

शुद्धलेखन_पोलीस
ड्रॅगन नको असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. धागा वाचून प्रतिसाद द्यावा.

पाणघळ
म्हणून तर 'अवांतर' लिहिलं.

वळचण
सगळ्यांचे आभार. ठरलं माझं. ड्रॅगन घेतेय.

गडदनिळा
???

अर्धाकप
मग आम्ही इतका वेळ काय करत होतो?

वळचण
रागावू नका. पाणघळ यांची पिल्लं डोक्यातून जाईनात. पिल्लं वर वाहून येतात, तर आई खाली कुठेतरी असणारच ना! आंधळी, फिकट, आग न ओकणारी, वर्षानुवर्षं एकाच डोहात पडून असलेली. तिला दिवा दिसतच नाही, त्यामुळे नायिकेचं सगळं शिक्षण फुकट. तिला पाण्यातली हालचाल कळते. आणि तिढा, मी तिला पहिल्याच परिच्छेदात दाखवणार आहे, नाकापासून शेपटीपर्यंत. वाचकाला दिसलेली आणि मुलीला न दिसलेली.

तिढा
मग भीती कशाची?

वळचण
मुलगी डोहात पाय धुवायला बसते, त्याची.

सातवी_पायरी
नियम कुठाय पण?

काजळी
आहे की. पाणी हलवायचं नाही. लिहा हो तुम्ही. फक्त चार हजारांत शंभर वर्षांचा इतिहास कोंबू नका.

जाडभिंग
माझ्या कोशातल्या सगळ्या ड्रॅगनना पंख आहेत. बिनपंखी चालणार नाही, परीक्षक ओळखणारच नाहीत.

मोजपट्टी
पंख नाहीत हे उत्तम, चार पाय अधिक दोन पंख हा घोळ टळला. पण लांबी किती धरताय? वीतभर प्राणी तीस मीटर केलात तर वजन लाखो पटींनी वाढेल, ते काटकुळे पाय तिला उचलणार नाहीत.

वळचण
ती कधी पाण्याबाहेर येतच नाही.

मोजपट्टी
हं. मग देवमाशाएवढी चालेल.