मदत हवी आहे: मडक्यावर घोड्याच्या केसांच्या रेघा उमटत नाहीत

नमस्कार मंडळी,

चाकावर बसायला लागून चारेक वर्षं झाली. न्यू मेक्सिकोत भावाकडे गेले होते तेव्हा अकोमा पुएब्लो या तिथल्या मूळनिवासी वस्तीतल्या कुंभारांची घोड्याच्या केसांची भांडी पाहिली, ती काही डोक्यातून जाईनात. पांढरं मडकं, झिलई नाही, रंग नाही. तापलेल्या अंगावर केस पडतो, जागच्या जागी जळतो आणि त्याचा कार्बन मातीत शिरून वेडीवाकडी काळी रेघ राहते.

घरी करून पाहिलं. तीन खेपा, तिन्ही फसल्या.

पांढऱ्या मातीत थोडा ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा). मडकं कडक वाळल्यावर टेरा सिजिलाटाचे, म्हणजे चकाकी देणाऱ्या अगदी बारीक मातीच्या पातळ लेपाचे, तीन हात दिले. (माती पाण्यात कालवून चिमूटभर सोडियम सिलिकेट घातलं, रात्रभर ठेवून मधला थर काढून घेतला.) जुन्या बनियनच्या तुकड्याने घोटलं तर खिडकीचे गज दिसायला लागले! इलेक्ट्रिक भट्टीत १०६० अंशांना भाजलं आणि चकाकी गायब. मग अंगणात ड्रमच्या गॅसभट्टीत परत तापवून चिमट्याने बाहेर.

पहिल्यांदा लालबुंद काढलं. केस भुर्रकन पेटले, फुंकर मारली तर खाली कोरं मडकं. दुसऱ्यांदा जास्त थांबले, तर केस डिंकासारखे चिकटून बसले. तिसऱ्या वेळी फरशीवर ठेवून वाट बघतेय तोच टण्ण! गळ्यापासून बुडापर्यंत तडा.

केस वरातीच्या घोडीवाल्या काकांकडून आणलेत, शेपटीचे. "मडक्याची दृष्ट काढता का ताई?" म्हणाले.

भट्टीचं तापमान मोजायचा पायरोमीटर नाही. नेमकी वेळ कशी ओळखायची?

प्रतिसाद १

ताई, सगळं भरउन्हात केलंत ना? उन्हात लाल दिसतंय म्हणजे ते फारच तापलेलं असतं. साधारण साडेपाचशे ते सातशे अंशांत काम होतं. संध्याकाळी करा. तांबूस झाक जेमतेम दिसेनाशी झाली की बुडाजवळ एकच केस टेकवून बघा. वळवळला आणि लगेच काळी रेघ सोडली तर सुरू करा, नुसता भडकला तर थोडं थांबा. हाताशी मिनिट-दोन मिनिटंच असतात, तेव्हा केस आधीच सुटे करून ठेवा.

चकाकी १०६० ने खाल्ली. ९५० च्या वर जाऊ नका. जास्त भाजलं की माती घट्ट होते, मग कार्बनही नीट शिरत नाही.

आणि तापलेलं भांडं फरशीवर?! भट्टीची हलकी वीट घ्या, वाऱ्याला आडोसा करा.

प्रतिसाद २

केस आधी शाम्पूने धुवून वाळवा. शेपटीच्या केसाची रेघ ठसठशीत येते, आयाळीची बारीक. मी दोन्ही वापरतो. वासाचं शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, आमच्याकडे एकदा वरचे काका "काय जळतंय?" म्हणून बादली घेऊन धावत आले होते. मास्क लावाच.

धागाकर्ती

उन्हाचं डोक्यातच आलं नव्हतं! फरशीबद्दल कान पकडते. येत्या रविवारी सूर्य मावळल्यावर बसते. आणखी एक, जमलंच तर आईला फुलदाणी म्हणून देता येईल का?

प्रतिसाद १

गार झाल्यावर ओल्या फडक्याने काजळी पुसा आणि मेण लावून घासा, छान दिसेल. पण पाणी पाझरणारच, मेणाने थांबत नाही. आईंना वाळकी फुलं द्या सोबत.