पायलट-इंड्यूस्ड ऑसिलेशनला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: हेलिकॉप्टरवरचा मजकूर मराठीत करतेय आणि दोन शब्दांपाशी गाडं अडलंय. एक स्टॅबिलिटी, त्याला 'स्थिरता' लिहिलं की हवेत एका जागी उभं असलेलं हेलिकॉप्टर डोळ्यासमोर येतं. दुसरा वरचा, शीर्षकातला. 'वैमानिक-प्रेरित आंदोलन' चालेल का?

उत्तर: स्टॅबिलिटीला 'स्थैर्य' घ्या आणि 'स्थिर' फक्त हलत नसलेल्या गोष्टीसाठी ठेवा. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो, पण इथे फरक जपायलाच हवा कारण हॉवरमधलं, म्हणजे हवेत एका जागी उभं असलेलं हेलिकॉप्टर स्थिर दिसतं पण त्याला स्वतःचं स्थैर्य नसतं. तळहातावर काठी उभी धरून बघा, हात सारखा बारीक बारीक हलत असतो म्हणून ती उभी राहते, स्टॅबिलायझर, म्हणजे आपोआप सावरणारी यंत्रणा, नसेल तर पायलटचं अगदी हेच चालू असतं. आता हात जरा उशिरा पोचला की काठी आणखी कललेली असते, मग आपण घाईने हात जास्त नेतो, ती उलट बाजूला जास्त जाते आणि हेलकावे वाढत जातात. हाच तुमचा दुसरा शब्द. हेलिकॉप्टरमध्ये तर उशीर मुळातच आहे, सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे, आडवं कलवायची दांडी, हलवली की आधी रोटरची चकती कलते, मग बॉडी, वेगातला फरक जाणवतो तो त्याच्याही नंतर.

'आंदोलन' नको, वाचणाऱ्याला मोर्चाच आठवणार. शाळेतलं 'दोलन' आहे की. पण माझा खरा आक्षेप 'प्रेरित'वर आहे, त्याने सगळा दोष पायलटच्या माथी जातो आणि ते अन्यायाचं आहे, कारण हेलकावे पायलट आणि हेलिकॉप्टर अशा दोघांचे मिळून होतात. इंग्रजीतही म्हणूनच शब्द बदलत गेला, अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९७ च्या अहवालात 'एअरक्राफ्ट-पायलट कपलिंग' आहे, हेलिकॉप्टरवाले 'रोटरक्राफ्ट-पायलट कपलिंग' म्हणतात.

प्रश्न: मग कपलिंगला 'सांगड'?

उत्तर: सांगड आपण मुद्दाम घालतो, ही नको असताना बसते. मी 'गुंता' म्हणेन, 'वैमानिक-रोटर गुंता'. 'संयुग्मन' बरोबर आहे पण वाचणारा तिथेच थांबेल.

दुसऱ्या एकाचं: गुंता पटला. पण कलेक्टिव्ह बाउन्सला दोलन म्हणून भागणार नाही. त्यात हेलिकॉप्टर वरखाली थरथरतं, सीट थरथरते, खांद्यापासून डावा हात हलतो, त्या हातात कलेक्टिव्हची लिव्हर, ती हलली की सगळ्या पात्यांचा पिच, म्हणजे कोन, एकदम बदलतो, लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, बदलते आणि थरथर आणखी वाढते. पायलटने काहीही ठरवलेलं नसतं, त्याचं शरीर मध्ये सापडलेलं असतं. साधारण २ ते ८ हर्ट्झचा प्रकार, त्या वेगाला विचार करून हात चालवणं जमतच नाही. जाणूनबुजून सावरताना होणारे हेलकावे १ हर्ट्झच्या आसपास किंवा खाली. बाउन्ससारख्या थरथरीला इंग्रजीत 'पायलट-असिस्टेड' म्हणतात, त्याचं 'साहाय्यित' कृपा करून करू नका, पायलटने मदत केली असा अर्थ होतो.

प्रश्न: म्हणजे संथ ते 'हेलकावे', जलद ती 'थरथर'?

उत्तर: हो, हे फार छान झालं, दोन्ही शब्द घरचे आहेत. आणि थरथर कमी करायला लिव्हरचं फ्रिक्शन वाढवतात तिथे 'घर्षणवृद्धी' नका लिहू, 'लिव्हर जड केली' लिहा.