सॉल्टेअरला थांबू नका, पुढे चाला

इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधल्या सॉल्टेअर गावात सॉल्ट्स मिल ही जुनी कापड गिरणी पाहिली की झालं, पुढे लीड्स-लिव्हरपूल कालव्याकाठी नुसता सपाट रस्ता आहे, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. गिरणी (१८५३ची, १९८६ला बंद पडली) देखणी आहेच, पण बिंगले गावापर्यंतचे कालव्याकाठचे पुढचे तीनेक मैल सोडू नका. डाउली गॅपला कालवा सात कमानींच्या दगडी पुलावरून एअर नदी ओलांडतो. खाली नदी वाहतेय, वर कालव्याचं पाणी, आणि त्याला लागून आपण चालतोय! मी तिथे कितीतरी वेळ उभी होते.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. जुन्या पुलांखालून जाताना कोपऱ्याच्या दगडावरून हात फिरवून बघा. घोडे होड्या ओढायचे, तेव्हाचे दोर घासून पडलेल्या खाचा बोटांना लागतात. शेवटी बिंगलेचे १७७४चे पाच लॉक (होडी वर-खाली नेणारे, दोन्ही टोकांना दरवाजे असलेले पाण्याचे कप्पे), एकाला एक चिकटून. वरच्याचा खालचा दरवाजा तोच खालच्याचा वरचा, त्यामुळे दरवाजे उघडायचा क्रम चुकून चालत नाही. होडी तिथे सुमारे १८ मीटर चढते. एखादी चढताना दिसली तर पूर्ण वर पोचेपर्यंत थांबाच.