मदत हवी आहे : काकांची कादंबरी, शेवट दोन

मंडळी जरा सल्ला पायजे. आमचे थोरले काका औसा तालुक्यात मास्तर होते, मागच्या श्रावणात गेले, पेटी आवरताना गोधडीखाली सात फुलस्केप वह्या निघाल्या, अख्खी कादंबरीच! 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहणाऱ्या म्हातारीची गोष्ट हाय, ती रोज ढिगाऱ्यावर जाऊन आपल्या घराचा उंबरा हुडकते. मी काय साहित्यातला माणूस नाही, पण वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता घोळ असा की शेवट दोन लिहिलेत. एकात म्हातारी पोराकडं पुण्याला जाते, दुसऱ्यात जात नाही आणि तिथं समासात लाल पेनानं "हे खरं" असं लिहून परत खोडलंय. कोणता घ्यावा? का दोन्ही छापावेत? चुलतभाऊ म्हणायलाय भाषा पण "शुद्ध" करून घेऊ. मला पटंना, "करायलाव, जायलाव" काढलं तर राहिलं काय त्यात?

कॉपीराइटचं वाचलं की लेखक गेल्यावर छापलेल्या पुस्तकाचे 60 वर्षं छापल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. मृत्युपत्र नाही, मग काकू आणि तिन्ही लेकरांच्या सह्या बाँडवर लागतेत का साध्या कागदावर चालतंय? एक प्रकाशक आयएसबीएनचेच (पुस्तकाच्या ओळख नंबराचे) वेगळे पैसे मागायलाय, तो नंबर तर सरकारकडून फुकट मिळतो ना?

आणि सहाव्या वहीची पानं ओलीनं चिकटलीत, शाई फुटलीय. लातूर-संभाजीनगरकडं असलं काम करणारं कुणी माहितीय का? तवर हात लावत नाही.